पलंग आहे का ते आधी विचारा

गेल्या अंकात मी सहज शेवटी लिहिलं होतं की विमानाच्या बिझनेस क्लासबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि व्हॉट्सॲपवर इतके मेसेज आले की फोन चार्जिंगलाच ठेवावा लागला. बडोद्याच्या रावपुऱ्यात सत्तावीस वर्षं काउंटरवर बसून लोकांची तिकिटं काढून दिली, पण बिझनेसची चौकशी पूर्वी महिन्यातनं एखादी यायची, आता प्रत्येकाचं पोरगं तिकडे सेटल आणि आईबाबांचे गुडघे इकडे, त्यामुळे विषय घराघरात पोचलाय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, निवडक घेतलीयत.

प्रश्न : काका, मुलगा न्यू जर्सीला असतो. या वेळी तो म्हणतोय, आई तुझे गुडघे आणि बाबांचं वय बघता मी बिझनेस क्लासच काढतो. ह्यांचं म्हणणं एका रात्रीसाठी एवढे पैसे म्हणजे वेडेपणा, तेवढ्यात घरातलं सगळं फर्निचर नवीन येईल. आठ दिवस घरात हाच वाद. नक्की मिळतं काय त्यात? – एक आई, मांजलपूर

काका : ताई, मिळतं बरंच. वेगळी रांग, लाऊंज (विमानतळावर बसायची-खायची वेगळी खोली), गरम टॉवेल, काचेच्या ग्लासात ज्यूस, जास्तीचं सामान. पण ह्या सगळ्याचे मिळून मी पाचवा हिस्सासुद्धा देणार नाही. पैसे असतात ते आडवं पडायचे. इकॉनॉमीत पुढची सीट आणि आपली सीट ह्यांत साधारण ३१-३२ इंच असतात, तेवढ्यात तुम्ही, तुमचे गुडघे आणि पुढच्याने सीट मागे टाकली की तोही. चांगल्या बिझनेसमध्ये तीच सीट बटण दाबून सपाट होते, साडेसहा फुटांच्या आसपास, वर गादीसारखं काहीतरी घालून देतात आणि माणूस कुशीवर झोपू शकतो. कुशीवर! ज्याने पंधरा तास बसून मान लटकवलीय त्याला विचारा ह्या शब्दाची किंमत.

गंमत म्हणजे बिझनेस क्लास सुरू झाला तेव्हा त्यात पलंग नव्हताच. सत्तरच्या दशकात स्वस्त तिकिटं निघाली तेव्हा पूर्ण भाडं भरणारे कंपनीवाले साहेब कुरकुरायला लागले की आम्ही जास्त भरून ह्यांच्याच मांडीला मांडी लावून का बसायचं, म्हणून त्यांना जरा पुढे वेगळं बसवायला लागले, आणि १९७९ ला क्वांटासने त्याचं बिझनेस क्लास असं बारसं केलं. पूर्ण सपाट पलंग बिझनेसमध्ये आणला ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. म्हणजे मधली वीसेक वर्षं लोक नुसत्या रुंद खुर्चीचे पैसे देत होते.

आणि आता मुद्द्याचं, मुलाला हे वाचून दाखवा. तिकिटावर बिझनेस लिहिलंय म्हणजे आत एकसारखंच असेल असं अजिबात नाही. एमिरेट्सचंच बघा, त्यांच्या ए३८० ह्या दुमजली विमानात वरच्या मजल्यावर १-२-१ अशा सीट, म्हणजे दोन्ही खिडक्यांशी एकेक आणि मध्ये दोन, प्रत्येकाला उठायला स्वतःचा रस्ता, मागे बार वगैरे थाट, आणि त्याच कंपनीच्या जुन्या ७७७ विमानांत २-३-२, म्हणजे लाखो रुपये भरून मधली सीट! ती विमानं एकेक करून ते नवीन करताहेत, पण तुमच्या तारखेला कुठलं येईल ते बघायला पाहिजे. कतार एअरवेजची क्यूस्वीट नावाची बिझनेसची सीट २०१७ ला आली, तिला सरकतं दार आहे. आपल्या एअर इंडियाच्या ए३५० मध्ये २८ सीट बिझनेसच्या, १-२-१, त्यालाही दार. इंडिगोने भाड्याने घेतलेल्या ७८७ मध्ये पुढे ज्या मोठ्या सीट आहेत त्या मागे कलतात, पलंग होत नाहीत. म्हणून तिकीट काढायच्या आधी विमान कुठलं आणि सीटचा नकाशा कसा हे बघायचं, आकडा १-२-१ दिसला की निम्मं काम झालं. त्यातही तुमच्या ह्यांची उंची जास्त असेल तर केबिनच्या अगदी पहिल्या ओळीची सीट मिळते का बघा, कारण बाकीच्या सीटमध्ये पाय पुढच्याच्या टेबलाखालच्या बोगद्यात घालायचे असतात आणि तो बोगदा काही काही विमानांत बुटाच्या खोक्याएवढा असतो, पहिल्या ओळीत बहुतेक ऐसपैस.

पैशाचं. भाडं इकॉनॉमीच्या तिप्पट-चौपट सहज जातं, पाचपटही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्केच राहिला पण त्याच्या वरच्या सगळ्या क्लासचा १२ चा १८ झाला. पण सगळा प्रवास बिझनेसने करायची सक्ती कुठाय? अहमदाबादहून दुबई जेमतेम तीन तास, सिनेमा अर्धा होतो तोवर उतरायचं, तिथे पलंग काय करायचाय. दुबई ते न्यूयॉर्क चौदा तास, तिथे पाहिजे. बहुतेक कंपन्या एकाच रिटर्न तिकिटात जाताना एक क्लास आणि येताना दुसरा असं बसवून देतात, मग घड्याळ बघायचं, ज्या बाजूला लांबचा टप्पा रात्रीचा पडतो त्या बाजूला बिझनेस घ्यायचा. दिवसाउजेडी जागं राहून सिनेमे बघायचे असतील तर प्रीमियम इकॉनॉमीनेही (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला क्लास) भागतं, पाय जरा मोकळे राहतात, पण तो पलंग नव्हे हे परत सांगतो, एजंट लोक (मीही त्यातलाच) तिथे गोड बोलतात.

तुमच्या ह्यांना सांगा, बडोद्याच्या माणसाने परदेशवारीच्या खर्चाला एवढं बिचकू नये. आपले सयाजीराव महाराज १८८७ ला पहिल्यांदा युरोपला गेले आणि मग इतक्यांदा गेले, की १९०० साली व्हाइसरॉय कर्झनने संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांबद्दल परिपत्रकच काढलं तेव्हा ते कोणाला टोचणार हे सगळ्यांना कळलं. फर्निचर थांबू शकतं, गुडघे नाही. मुलगा स्वतःहून देतोय तर एका बाजूचा तरी घ्या.

प्रश्न : वेबसाईटवर बडोदा ते शिकागो बिझनेस क्लास असं दाखवतंय, इतरांपेक्षा बरंच स्वस्त. घेऊ का? – एक भाचा, मावशीसाठी विचारतोय, गोत्री

काका : थांब. खाली बारीक अक्षरात प्रत्येक टप्प्याचा क्लास लिहिलेला असतो तो उघडून बघ. आपल्या हरणीहून मुंबई-दिल्लीला जी विमानं जातात त्यातल्या बऱ्याच विमानांत बिझनेस नसतोच, तो तासाभराचा टप्पा इकॉनॉमी असला तर काही बिघडत नाही. पण कधीकधी उलटं असतं, छोटा टप्पा बिझनेस आणि चौदा-पंधरा तासांचा इकॉनॉमी, आणि वर मोठ्या अक्षरात बिझनेस! ही स्वस्ताई बहुतेक तिथनंच येते. दुसरं, सगळे टप्पे एकाच पीएनआरवर आहेत का बघ, म्हणजे बॅग थेट शिकागोपर्यंत टॅग होईल आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढचं सांभाळायची जबाबदारी कंपनीची राहील. वेगवेगळी तिकिटं असतील तर मावशी मुंबईला एका टर्मिनलवरनं दुसऱ्या टर्मिनलवर बॅगा घेऊन धावणार आणि शिव्या तुला खाव्या लागणार. आणखी एक, सगळ्यात स्वस्त बिझनेस भाड्यात काही कंपन्या लाऊंज काढून टाकतात, तेही वाच.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. मागच्या वेळी सुनेने व्हेजिटेरियन टिक केलं तर उकडलेला फ्लॉवर आणि बिनदुधाचा पाव आला. बिझनेसमध्ये तरी नीट मिळेल का? बरोबर काय नेता येईल? – एक आजी, दांडिया बाजार

काका : आजी, सुनेची चूक नाही, फसवणूक त्या यादीतच आहे. व्हीजीएमएल नावाचं जे असतं ते बहुतेक ठिकाणी व्हीगन, म्हणजे दूध-तूपही नाही. आपल्याला पाहिजे ते एव्हीएमएल, एशियन व्हेजिटेरियन, त्यात भाजी-भात-डाळ-पनीर असं ओळखीचं येतं. कांदा-लसूण नको तर व्हीजेएमएल, जैन जेवण. हे निदान २४ तास आधी सांगायचं, काही कंपन्या ४८ तास मागतात, बिझनेस असो की इकॉनॉमी नियम तोच. विमानात चढल्यावर सांगून उपयोग नाही, पैसे कितीही भरलेले असू देत, तिथे स्वयंपाकघर नसतं, जमिनीवर रांधलेलं वर गरम करतात.

बिझनेसमध्ये फरक एवढाच की चिनी मातीच्या ताटात, कापडी रुमालावर, एकेक करून आणतात. माझं विचाराल तर लाऊंजमध्ये हलकं जेवून घ्या आणि विमानात चढल्यावर सांगून टाका की मला उठवू नका, भूक लागली की मागेन. बऱ्याच कंपन्यांत पाहिजे तेव्हा जेवण मागता येतं. थेपले, खाखरा, गूळपोळी बिनधास्त न्या, विमानात खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही, उतरताना मात्र फॉर्मवर खाण्याचं विचारलं तर खरं लिहा. लोणचं आणि तूप हातातल्या पिशवीत नको, सिक्युरिटीवाले काढून ठेवतात, १०० मिलीच्या वरचं पातळ काहीच सोडत नाहीत. आणि सुक्या खोबऱ्याची वाटी! मार्च २०२२ पासून चेक-इन बॅगेतही चालत नाही, तेलकट असल्याने पेट घेऊ शकतं म्हणून. माझ्या बायकोने बॅग उघडून अहमदाबादला काउंटरसमोर अर्धा किलो खोबरं मला हातात दिलं होतं, मी ते ड्रायव्हरला दिलं, त्याने घरी नेऊन चटणी केली असेल.

हो, आणि बिझनेसमध्ये बहुतेक ३२ किलोच्या दोन बॅगा मिळतात म्हणून एकीत ३५ भरू नका. ३२ च्या वर एक बॅग घेतच नाहीत, उचलणाऱ्याची पाठ असते.

प्रश्न : विचारायला लाज वाटते पण विचारतो. आयुष्यभर एसटी आणि रेल्वेने फिरलो. मुलीने बिझनेस क्लासचं तिकीट पाठवलंय. तिथे सगळे सुटाबुटातले असतील, कपडे काय घालायचे, हवाईसुंदरीला टिप द्यायची का, बटणं कशी चालवायची, काहीच माहीत नाही. हसू नका. – निवृत्त शिक्षक, कारेलीबाग

काका : सर, हसायचं असेल तर मला हसा. मला एकदा कंपनीने अपग्रेड दिलं होतं, नाव सांगत नाही कुठल्या, एजंट म्हणून ओळख होती तेव्हा. मी ऐटीत बसलो, बटण दाबलं, सीट पुढे सरकत सरकत आडवी झाली आणि टेबल मात्र पोटावर उघडंच, त्यावर ज्यूस. ना उठता येईना ना झोपता येईना, आणि शेजारचा गोरा म्हातारा घोरतोय. पाच मिनिटं तसाच पडून होतो, बोलवायचं बटण टेबलाखाली गेलं होतं. शेवटी एक मुलगी जाता जाता थांबली, काही न बोलता ग्लास उचलला, टेबल आत ढकललं, आणि पांघरूण घालून गेली. तेव्हापासून माझी शिस्त अशी, चढल्याबरोबर जी पहिली येईल तिला सांगायचं की मी पहिल्यांदा बसतोय, सीट कशी करायची दाखवा. त्यांना सवय असते, उलट आवडतं.

टिप अजिबात नाही, दिली तरी घेणार नाहीत. कपडे सैल आणि सुती, सुटाबुटातले फार कमी असतात, मी तर हाफ पँटवाले जास्त बघितलेत. लेंगा बरोबर न्या आणि दिवे मंद झाले की बदला, काही कंपन्या लांबच्या प्रवासात पायजमासुद्धा देतात, तो घरी नेला तरी चालतो. चपला-मोजे देतात पण ते घालून बाथरूमला जाऊ नका, तिथलं ओलं पाणीच असतं असं नाही. आणि एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही, झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरनं लावा. विमान हललं की त्या मुली पट्टे तपासत फिरतात, वरनं दिसला तर उठवत नाहीत, आत दडलेला असला तर बिचारीला तुम्हाला जागं करावंच लागतं.

प्रश्न : सूट घालून, गोड बोलून काउंटरवर फुकट अपग्रेड मिळतं म्हणतात. खरं का? – अलकापुरी

काका : नाही. विमान भरलं आणि कोणाला पुढे सरकवायची वेळ आली तर आधी कार्डवाले नेहमीचे प्रवासी बघतात, तुमचा टाय नाही. खरा मार्ग म्हणजे निघायच्या काही दिवस आधी कंपनीकडनं मेल येतो की अपग्रेडसाठी बोली लावा, तिथे लावायची. एकाच बुकिंगवर दोघं असाल तर बहुतेक दोघांनाही लागू होते, म्हणजे आकडा टाकताना दोनने गुणा. चेक-इनलाही कधी उरलेल्या सीट कमी पैशात देतात, विचारायला काय जातंय. पण आधी परत तेच, सीटचा नकाशा बघा, नाहीतर बोली जिंकून मधल्या सीटवर बसाल.

प्रश्न : डॉक्टरांनी पायात रक्ताची गाठ होऊ शकते म्हणून जपायला सांगितलंय. बिझनेस घेतला तर हा धोका जातो ना? – सयाजीगंज

काका : जात नाही. लोक त्याला इकॉनॉमी क्लासचा आजार म्हणतात पण नाव चुकीचं आहे, कारण हलल्याशिवाय तासन्‌तास राहणं हे आहे, सीटचा भाव नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ ला ह्यावर अहवाल दिला होता, चार तासांपेक्षा जास्त प्रवासात धोका साधारण दुप्पट होतो, तरी तो सहा हजारांत एकाच्या आसपास, आणि त्यात बस, रेल्वे, गाडी सगळं आलं. बिझनेसमध्ये पाय लांब करता येतात, कोणाला न उठवता फेरी मारता येते, एवढा फायदा नक्की. पण झोपेची गोळी आणि वाईन घेऊन दहा तास ओंडक्यासारखं पडलात तर पलंगाचा काय उपयोग. तुमच्या बाबतीत मोजे, गोळी, इंजेक्शन जे काय ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, ते मी सांगणार नाही.

एक जाता जाता, पुढे बसलं म्हणून हवा वेगळी मिळत नाही. तीच कोरडी हवा, तोच दाब सगळ्यांना. फरक पडतो तो विमानाने, जुन्या विमानांत आतला दाब आठ हजार फूट उंचीवर असल्यासारखा होऊ शकतो, ७८७ आणि ए३५० मध्ये तो सहा हजार फुटांच्या आसपास ठेवतात, म्हणून ह्या दोन्हींतनं उतरल्यावर डोकं जरा कमी जड वाटतं. पाणी पीत राहा.

प्रश्न : मोठ्या कंपनीचं बिझनेस तिकीट काढलं (नाव लिहिलं होतं), सीट आडवीच होईना, टीव्ही बंद, आणि येताना तर विमान बदललं म्हणून मला इकॉनॉमीत बसवलं. तक्रारीला साधं सॉरी आलं. काही करता येतं का? – वाघोडिया रोड

काका : नाव मी गाळलंय, पण तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका. इकॉनॉमीत बसवलं त्याला आपल्या डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नियम आहे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून. तुमच्या इच्छेविरुद्ध खालच्या क्लासमध्ये टाकलं तर देशातल्या प्रवासात तिकिटाचे ७५ टक्के परत, करासकट, आणि परदेशच्या प्रवासात अंतरावर, १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० ला ५० आणि त्याच्या वर ७५ टक्के. तुमचा टप्पा ३५०० च्या वरचाच आहे. कंपनी परदेशी असेल तर तिच्या देशाचे नियम लागतात, ते कधी जास्तही देतात. बोर्डिंग पास जपून ठेवला असेल तर अर्धी लढाई जिंकलात, नवीन सीट नंबर त्यावरच असतो. आधी कंपनीला लेखी, आकड्यासकट, मग एअरसेवा ह्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

सीट बिघडलेली होती त्याला असा ठरलेला आकडा नाही, तिथे काय मिळेल ते तुम्ही किती पुरावा ठेवला त्यावर. पुढच्या वेळी जागच्या जागी क्रूला सांगा, ते त्यांच्या नोंदीत लिहून घेतात, त्यांनी लिहिलंय ना हे दोनदा विचारा, व्हिडिओ काढा. घरी येऊन आठ दिवसांनी लिहिलेल्या मेलला सॉरीच येतं. आणि व्हाउचर दिलं तर लगेच हो म्हणू नका, पैसे मागा, मायलेज पॉइंट देऊन गप्प बसवायची जुनी सवय आहे ह्या लोकांना.

प्रश्न : लग्नाला पन्नास वर्षं होतील, त्यासाठीच मुलं बोलावताहेत. ती १-२-१ वाली सीट चांगली म्हणता, पण दोघांच्या मध्ये भिंत येणार ना? – एक आजोबा, मकरपुरा

काका : आजोबा, मधल्या दोन घ्या. त्यातही काही विमानांत एक ओळ सोडून एक अशी रचना असते, एका ओळीत मधल्या दोन सीट अगदी चिकटून आणि पुढच्या ओळीत दोघांमध्ये टेबलं, तेव्हा नकाशात चिकटलेल्या दिसतील त्या निवडा. मध्ये पडदा असतो तो बटणाने खाली जातो.

मात्र निवडायच्या आधी आजींना एकदा विचारा. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने हौसेने अशाच दोन सीट काढल्या होत्या, आणि परतीच्या वेळी बाईंनी स्वतः फोन करून मला खिडकीची एकटी सीट मागितली, म्हणाल्या ह्यांचं घोरणं घरी आहेच.